घामाचा हिशेब : घरातल्या सॉनाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भायखळ्यात एकाच गल्लीत दोन काळ नांदतात. एका बाजूला नवे टॉवर, दुसऱ्या बाजूला १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती आणि पागडीच्या खोल्या. या दोन्हींपैकी कुठल्याही घरात सॉना बसवायचा म्हटलं, की हातात पहिल्यांदा येतं ते विक्रेत्याचं कोटेशन. त्यातला आकडा हाच खर्च असं धरून बजेट आखलं जातं आणि काम अर्ध्यावर आल्यावर पैसे कमी पडतात. सॉनाचा खरा खर्च ठरवतं ते घर: त्याची वायरिंग, त्याची जागा, त्याची सोसायटी. म्हणून आधी गैरसमज दूर करू.

गैरसमज १ : केबिनची किंमत म्हणजेच सॉनाचा खर्च.

वस्तुस्थिती : कोटेशनमध्ये सहसा केबिन, हीटर आणि दगड असतात. वायरिंग, फरशीची दुरुस्ती, लिफ्टमध्ये न मावणारे पॅनेल जिन्याने चढवण्याची हमाली, डेब्रिज उचलण्याचा खर्च, सोसायटीची अनामत आणि जीएसटी हे त्यात आहेत की नाहीत, ते विचारल्याशिवाय कळत नाही. विक्रेत्याकडून ‘यात काय धरलेलं नाही’ याची यादीही लेखी घ्यावी.

सगळ्यात मोठी रक्कम मात्र कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही. दोन माणसांची १.२ मीटर लांब-रुंद केबिन साधारण १५.५ चौरस फूट जागा अडवते. समजा, तुमच्या इमारतीत चटईक्षेत्राचा भाव चौरस फुटाला ४० हजार रुपये आहे. म्हणजे केबिनखालची जमीनच ६ लाख २० हजारांची झाली. त्या कोपऱ्यात आज मुलांचं टेबल किंवा आजींचा पलंग असेल, तर हा आकडा नक्की मांडून पाहा.

गैरसमज २ : गीझरच्या पॉइंटवर हीटर चालेल.

वस्तुस्थिती : ढोबळ नियम असा, की १ घनमीटर जागेला सुमारे १ किलोवॅट हीटर लागतो. वरच्या केबिनची उंची २.१ मीटर धरली तर ती ३ घनमीटरची होते. काचेचं दार किंवा उघडी विटांची भिंत असली की गरज वाढते, म्हणून ४.५ किलोवॅटचा हीटर धरू. २३० व्होल्टवर तो जवळजवळ २० अँपिअर ओढतो. १६ अँपिअरचा पॉइंट ३,६८० वॅटपर्यंतच भार पेलतो आणि घरातला नेहमीचा गीझर अवघा २ किलोवॅटचा असतो. सॉनासाठी स्वतंत्र जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी हवाच. भायखळ्याला वीज बेस्टची आहे, तेव्हा बिलावरचा मंजूर भार पाहून गरज पडल्यास वाढीव भारासाठी अर्ज करावा. जुन्या इमारतीत मीटरपासून घरापर्यंतची वायरही बदलावी लागू शकते.

इन्फ्रारेड केबिन लहान आकारात दीड-दोन किलोवॅटवर चालते. पण तिचं तापमान ४५ ते ६० अंश असतं, पारंपरिक सॉनाचं ७० ते १००. दगडांवर पाणी शिंपडून उठणारी वाफही तिच्यात नाही. स्वस्त पडते म्हणून घेण्याआधी हवं ते हेच का, हे ठरवावं.

गैरसमज ३ : विजेचं बिल कंबरडं मोडेल.

वस्तुस्थिती : केबिन तापली की थर्मोस्टॅट हीटर बंद-चालू करत राहतो. ४.५ किलोवॅटच्या हीटरला सव्वा तासाच्या एका खेपेला सुमारे ४ युनिट धरा. आठवड्यातून तीनदा, म्हणजे महिन्याला १३ खेपा आणि ५२ युनिट. पण हे युनिट तुमच्या वापराच्या वर चढतात. घरात आधीच २८० युनिट जळत असतील तर एकूण ३३२ होतील आणि ३०० च्या पुढचे ३२ युनिट वरच्या, महागड्या टप्प्याच्या दराने लागतील. सरासरी दराने गुणण्याऐवजी शेवटच्या टप्प्याच्या दराने गुणा.

गैरसमज ४ : स्टीम आणि सॉना एकच, जे स्वस्त ते घ्यावं.

वस्तुस्थिती : सॉनाची हवा कोरडी असते. स्टीम रूममध्ये तापमान ४०-५० अंशांच्या घरात आणि आर्द्रता जवळजवळ १०० टक्के. म्हणून स्टीमला नळजोडणी, निचरा, छतापर्यंत टाइल्स आणि पक्कं वॉटरप्रूफिंग लागतं. त्यात कसूर झाली की खालच्या घराच्या छताला ओल येते आणि दुरुस्ती दोन घरांची करावी लागते.

गैरसमज ५ : आपला सुतार प्लायवूडमध्ये निम्म्या पैशांत करून देईल.

वस्तुस्थिती : प्लायवूडमधल्या गोंदातून उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सुटू शकतो, तोही तुम्ही श्वास घेत असलेल्या बंद खोलीत. थर्माकोल ८०-९० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, त्यामुळे भिंतीत मिनरल वूल आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइल हवं. आतल्या बाजूला हेमलॉक, अ‍ॅस्पन किंवा सीडरसारखं वाळवलेलं, कमी राळेचं लाकूड लागतं. शिवाय मुंबईचा पावसाळा आहे. केबिन बाहेरच्या भिंतीपासून सुटी ठेवावी, वापरानंतर दार उघडून आतला ओलावा जाऊ द्यावा. नाहीतर बुरशी धरते आणि दुरुस्तीचा खर्च उभा राहतो.

गैरसमज ६ : घर माझं, परवानगी कशाला?

वस्तुस्थिती : टॉवरमधल्या अग्निशमन स्प्रिंकलरचा नेहमीचा लाल काचेचा बल्ब ६८ अंशांना फुटतो. तो केबिनच्या आत आला, तर सॉना तापताच घरभर पाणी होईल. तो स्वतः झाकू किंवा हलवू नये, सोसायटीमार्फत अधिकृत ठेकेदाराकडूनच बदल करून घ्यावा. उपकरप्राप्त इमारतीत आधी जमिनीची ताकद तपासून घ्यावी. पागडीच्या खोलीत पुनर्विकास कधीही दारात येऊ शकतो, तेव्हा खोलून दुसरीकडे जोडता येईल अशीच केबिन घ्यावी.

गैरसमज ७ : घाम काढायचा तर घरातच सॉना हवा.

वस्तुस्थिती : चरकसंहितेत अग्निस्वेदाचे तेरा प्रकार आहेत. त्यातल्या जेन्ताक स्वेदासाठी मधोमध भट्टी आणि भिंतीलगत बसण्याचा ओटा असलेली खास गोल खोली सांगितली आहे. ही कल्पना आपल्याला परकी नाही. आजही आयुर्वेदिक रुग्णालयांच्या पंचकर्म विभागात वैद्यांच्या देखरेखीखाली स्वेदन घेता येतं. तुमच्या टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये सॉना असेल, तर मेंटेनन्समधून त्याचे पैसे तुम्ही आधीच भरता. तीन महिने तो नेमाने वापरून पाहा.

राहिला आरोग्याचा मुद्दा. फिनलंडमधल्या २,३१५ पुरुषांच्या अभ्यासात, जो २०१५ साली प्रसिद्ध झाला, वारंवार सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. ते निरीक्षण आहे, हमी नव्हे. घामाने घटतं ते मुख्यतः पाण्याचं वजन. हृदयविकार, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

म्हणून क्रम उलटा करा. आधी सोसायटीचं लेखी ना हरकत पत्र, मग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून भाराची तपासणी, मग जागेचं मोजमाप आणि शेवटी तीन विक्रेत्यांची कोटेशनं. बेरजेवर १५ टक्के रक्कम बाजूला ठेवा. एवढं करूनही घरखर्चाला, मुलांच्या शिक्षणाला किंवा आजारपणाच्या तरतुदीला हात न लावता सॉना बसत असेल, तर तो खुशाल बसवा. बसत नसेल, तर केबिनची आगाऊ रक्कम भरण्याआधीच ते कळलं, हा या हिशेबाचा खरा फायदा.