समासातील टिपा

समासातील टिपा म्हणजे हस्तलिखिताच्या वा छापील ग्रंथाच्या पानावरील कोऱ्या कडेत, तसेच दोन ओळींच्या मध्ये, वाचकाने केलेल्या नोंदी होत. कठीण शब्दाचा अर्थ, पाठभेद, शंका व दुरुस्ती हे त्यांचे नेहमीचे विषय. येथे ‘समास’ म्हणजे पानाची कोरी कड. व्याकरणातील समास किंवा दासबोधातील पोटविभाग नव्हे.

पोथ्यांतील खुणा

देवनागरी पोथ्यांत मजकूर बहुधा शब्द न तोडता सलग लिहीत. त्यामुळे शब्द कोठे संपतो हे ठरविल्याशिवाय वाचकाला पुढे जाता येत नसे. काही पोथ्यांत ओळीच्या वर बारीक उभ्या रेघा आढळतात; त्या अशा पदच्छेदाच्या खुणा होत. गळालेले अक्षर काकपदाची खूण करून समासात लिहीत. चुकलेल्या अक्षरावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरून आला. शुद्धीच्या कामातला हा शब्दप्रयोग आज नियम वा तत्त्व धुडकावण्यासाठी वापरला जातो.

ज्ञानेश्वरीचे उदाहरण

शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी ही स्वतःच भगवद्गीतेवरील टीका आहे. कालांतराने तिलाही टिपांची गरज भासू लागली. ‘नावेक’ म्हणजे क्षणभर, ‘आन’ म्हणजे दुसरे, हे आजच्या वाचकाला सांगावे लागते. ‘पाडु’सारखा शब्द अधिक अडचणीचा. कोठे त्याचा अर्थ योग्यता, तर कोठे बरोबरी असा होतो. त्यामुळे शब्दकोशातील एकच अर्थ सर्वत्र लावून भागत नाही. ओवीचा संदर्भ पाहून प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते. टीप लिहिणाऱ्याला ही निवड टाळता येत नाही, नुसत्या वाचणाऱ्याला मात्र ती सहज टाळता येते.

टिपांचा धोकाही याच प्रक्रियेत असतो. पुढचा लेखक नक्कल करताना समासातील स्पष्टीकरण मूळ मजकूर समजून आत घेतो आणि प्रक्षेप तयार होतो. पाठांतराने व नकलांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये तिची प्रत शुद्ध केली, आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. मात्र त्यांनी वगळलेल्या पाठांची नोंद मागे उरलेली नाही. त्यामुळे त्यांचे निर्णय आज तपासता येत नाहीत. वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या हस्तलिखितावरून १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली व तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. आधुनिक चिकित्सक आवृत्त्यांत न स्वीकारलेले पाठ तळटीपेत देतात, ते वाचकाला संपादकाशी मतभेद करता यावा म्हणून.

इतर भाषांत

कधी कधी मूळ ग्रंथापेक्षा त्यावरील टिपाच मोलाच्या ठरतात. स्पेनमधील सान मियान दे ला कोगोया येथील मठाच्या एका लॅटिन हस्तलिखितात सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या टिपा आहेत. लॅटिन वाक्याचा अन्वय लागावा म्हणून शब्दांवर क्रमदर्शक अक्षरे घातलेली असून कठीण शब्दांचे अर्थ स्थानिक बोलीत दिले आहेत. दोन टिपा बास्क भाषेत आहेत. स्पॅनिश व बास्क भाषांच्या इतिहासात या नोंदी आरंभीच्या लिखित पुराव्यांत गणल्या जातात.