फोरहँड की बॅकहँड? वेल्डिंगमध्ये हाताची दिशा एवढी महत्त्वाची का?

नावं ऐकून टेनिस आठवलं ना? मलाही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. वर्कशॉपमध्ये पातळ पत्र्यावर गॅस वेल्डिंग करायला घेतलं आणि बघता बघता पत्र्याला भोक पडलं. सर म्हणाले, "अरे, हात उलट्या दिशेने चालवलास!" आज मी कोड लिहितो, पण ते भोक विसरलो नाही. चला तर मग, सोप्या भाषेत समजून घेऊया.

फोरहँड म्हणजे काय?

उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात फिलर रॉड. वेल्डर उजवीकडून डावीकडे जातो, म्हणून याला 'लेफ्टवर्ड' असंही म्हणतात. रॉड पुढे चालतो, टॉर्च त्याच्या मागे. ज्योतीचं तोंड अजून न जोडलेल्या भागाकडे असतं. त्यामुळे पुढच्या कडा आधीच तापतात, उष्णता पसरते आणि जोड फार खोल जात नाही. साधारण ३ मिमीच्या आतल्या पत्र्याला हीच पद्धत बरी.

बॅकहँड म्हणजे काय?

इथे सगळं उलटं. डावीकडून उजवीकडे जायचं, टॉर्च पुढे आणि रॉड मागे. ज्योत नुकत्याच झालेल्या जोडाकडे वळलेली असते. उष्णता एकाच जागी राहते, जोड खोल जातो आणि हळूहळू थंड होतो. म्हणून जाड प्लेटला ही पद्धत वापरतात. प्लेटच्या कडांमधली व्ही आकाराची खाचही कमी रुंद चालते: फोरहँडला ८० ते ९० अंश, तर इथे साधारण ६०. म्हणजे रॉडची बचत.

माझी चूक कळली ना? पातळ पत्रा आणि बॅकहँड!

घरच्या ग्रिलचं काय?

ग्रिल, गेट बहुतेक वेळा विजेच्या आर्क वेल्डिंगने जोडतात. तिथेही हाच प्रश्न येतो: ढकलायचं की ओढायचं?

- मिग वेल्डिंग: ढकललं तर जोड रुंद आणि उथळ, ओढलं तर अरुंद आणि खोल. ॲल्युमिनियमला मात्र ढकलायचंच, म्हणजे संरक्षक वायू पुढच्या भागावरही राहतो.
- रॉडचं वेल्डिंग: ओढायचं. रॉडवरच्या लेपापासून स्लॅग, म्हणजे मळी तयार होते. ढकललं तर ती वितळलेल्या धातूच्या पुढे धावते आणि जोडात अडकते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गॅलरीच्या ग्रिलला आई टेकली आणि एक जोड सुटला. नशीब, बाकीचे टिकले. बाहेरून रंग चकाचक, आत मात्र काळी मळी. यात दिशेशिवाय कमी करंट किंवा गंजलेली कडाही कारण असू शकते, पण रंगाखाली यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून घरी काम चालू असेल तर फॅब्रिकेटर दादांना एवढंच सांगा: "रंग मारायच्या आधी जोड दाखवा." मळी हातोडीने झाडलेली हवी, जोड सलग हवा, भोकं नकोत.

आणि हो, रील काढायच्या नादात आर्ककडे उघड्या डोळ्यांनी बघू नका. साधा गॉगल पुरत नाही, वेल्डिंगची काळी काचच लागते.

तुमच्या घरच्या ग्रिलचे जोड कसे आहेत? आजच एकदा बघून घ्या!