पूल बदलताना ओहोळाचे काय?

नव्या पुलाच्या पायाभरणीचे वृत्त प्रसिद्ध होते तेव्हा त्यात पुलाची लांबी, रुंदी आणि अपेक्षित खर्च हे तीन आकडे हमखास असतात. पुलाखालून वाहणारे पाणी कोठून येते, कोठे जाते व त्यावर कोणाची शेती अवलंबून आहे, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. गोव्याच्या भूमीवर वर्षाकाठी सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. नद्यांच्या मुखांतून भरतीचे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरते ते वेगळेच. अशा प्रदेशात पूल हा रस्त्याचा भाग असतो, तितकाच तो पाण्याचाही असतो.

जुने पूल बदलणे आवश्यक आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मांडवीवरील जुना पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला. खाऱ्या हवेत पोलादी तारा आतून गंजत गेल्याचा तो परिणाम होता. महाड येथील सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला आणि वाहनांसह प्रवासी नदीत गडप झाले. सावर्डे येथील पोर्तुगीज काळातील पादचारी पूल वापरासाठी बंद होता, तरी मे 2017 मध्ये त्यावर जमलेल्या गर्दीच्या भाराने तो कोसळला. अशा घटनांनंतर कामाची निकड वाढते आणि ते योग्यही आहे. सावित्रीवरील नवा पूल पुढील पावसाळ्याच्या प्रारंभीच, जून 2017 मध्ये, वाहतुकीस खुला झाला. परंतु घाईचे काम जेथे चालते तेथे ओहोळाकडे आणि पाणथळीकडे पाहण्यास कोणास सवड नसते, हाही सर्वत्र येणारा अनुभव आहे.

पूल नसलेल्या जागी पूल बांधणे आणि जुना पूल काढून त्या जागी नवा उभारणे, या दोन कामांत एक मूलभूत भेद आहे. जुन्या पुलाला तीस-चाळीस वर्षे झालेली असतात. तेवढ्या अवधीत प्रवाहाने त्या पुलाशी आपला मेळ घातलेला असतो. गाळ कोठे साचायचा, काठ कोठे झिजायचा, पाणी किती उंचीपर्यंत चढायचे, हे सारे त्या जुन्या मोऱ्यांच्या मापाने ठरून गेलेले असते. पूल बदलला की हे माप बदलते. त्याचे फळ भोगावे लागते ते पुलापासून अर्धा-पाऊण किलोमीटर दूर राहणाऱ्या शेतकऱ्याला, आणि त्याचा संबंध पुलाशी आहे हे पुष्कळदा त्यालाही उमगत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे आपली खाजने होत. गोव्यात सुमारे 18 हजार हेक्टर भूमी खाजन म्हणून ओळखली जाते. ही भूमी भरतीच्या पातळीहून सखल आहे. चिखल, पेंढा व चिरे यांचे बांध घालून ती शेकडो वर्षांपूर्वी समुद्राकडून मिळविण्यात आली. बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानशीची लाकडी दारे ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडतात व शेतातील पावसाचे पाणी बाहेर सोडतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तीच दारे मिटतात. कोणतेही यंत्र नाही, रखवालदार नाही, आणि तरीही रात्रंदिवस चालणारी ही व्यवस्था पाहिली म्हणजे आपल्या पूर्वजांना जलशास्त्र अवगत नव्हते असे म्हणण्यास जीभ धजत नाही. आत कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पिकते, आणि मानशीपाशी मिळणाऱ्या मासळीचा लिलाव होतो.

आता अशा खाजनालगतच्या खाडीवर दोन-तीन अरुंद मोऱ्यांचा जुना कॉजवे आहे, असे समजू. अरुंद मोऱ्यांतून भरतीचे पाणी पुरतेपणी आत शिरू शकत नाही. ते शिरते न शिरते तोच ओहोटी लागते. परिणामी पुलाच्या वरच्या अंगाला भरतीची उंची नेहमीच थोडी कमी राहते. तेथील बांधही कालांतराने त्याच उंचीच्या मानाने राखले जातात. वरचे चिरे ढळले तरी कोणी फारसे मनावर घेत नाही. मग कॉजवे पाडून तेथे रुंद गाळ्यांचा नवा पूल होतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो निर्दोष असतो, पुराचे पाणी विनाअडथळा जाते, प्रवाहही मोकळा होतो. पण उधाणाची भरती आता पूर्ण उंचीने आत येऊ लागते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर सुमारे 2 मीटर असते. जुन्या बांधाची उंची एक वीतभर अपुरी पडली तरी खारे पाणी शेतात उतरते. एकदा खारावलेले शेत पावसाच्या पाण्याने धुऊन निघण्यास एखाद-दुसरा हंगाम सहज जातो.

म्हणून रुंद पूल बांधू नये असा याचा अर्थ नव्हे. पुलाचा आराखडा ठरण्यापूर्वी वरच्या अंगाच्या बांधांची व मानशींची उंची मोजली पाहिजे आणि जेथे ती अपुरी असेल तेथे बांधाची डागडुजी पुलाच्याच अंदाजपत्रकात धरली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ आहे. पुलाच्या एकूण खर्चापुढे हा खर्च किरकोळ ठरतो. बांधाची मोजणी करताना संबंधित कूळ संघटनेचा माणूस बरोबर असावा. मागील आषाढातील उधाणाचे पाणी कोणत्या चिऱ्यापर्यंत चढले होते, हे तो बोट ठेवून दाखवू शकतो.

याच्या उलट प्रकार डोंगराकडील व्हाळांवर घडतो. तेथे जुन्या मोरीची दगडी फरसबंदी प्रवाहाच्या तळाला धरून ठेवणाऱ्या उंबरठ्यासारखी असते. ती उखडून टाकली की वरच्या अंगाचा तळ धुपू लागतो. ही धूप मागे मागे सरकत जाते, काठ ढासळतात आणि काठावरच्या माडा-पोफळींची मुळे उघडी पडतात. तेव्हा जुने बांधकाम किती खोलीपर्यंत काढावयाचे व कोठे थांबावयाचे, याचा निर्णय राडारोडा उचलणाऱ्याच्या मर्जीवर सोपविता येत नाही. तो आराखड्यातच व्हावयास हवा.

व्हाळांच्या संदर्भात आणखी एक बारीकशी, पण महत्त्वाची बाब सांगितली पाहिजे. पहिल्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतात. चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणून आपण त्यांना ओळखतो. नव्या चौकोनी मोरीचा काँक्रीटचा तळ प्रवाहाच्या तळापेक्षा वर राहिला, तर मोरीच्या खालच्या तोंडाशी लहानसा धबधबा तयार होतो. माणसाला तो दिसतही नाही, परंतु बोटभर लांबीच्या माशाला तो ओलांडता येत नाही. मोरीचा तळ प्रवाहाच्या तळाखाली हातभर दाबून घेतला, तर त्यावर नैसर्गिक वाळू-गोटे येऊन बसतात आणि माशांची वाट मोकळी राहते. याला लागतो तो थोडा अधिक खोदाईचा खर्च.

प्रत्यक्षात सर्वाधिक हानी होते ती कायम बांधकामामुळे नव्हे, तर तात्पुरत्या कामांमुळे. वाहतुकीसाठी वळणरस्ता लागतो. तो मातीच्या भरावावर, चार-दोन नळ टाकून केला जातो. खांबाच्या पायासाठी प्रवाहात मातीचा बांध घालून अर्धे पात्र कोरडे केले जाते. ही माती अनेकदा जवळच्या डोंगराची तांबडी माती असते. काम मे महिन्याच्या अखेरीस रेंगाळले आणि मृगाच्या सरी कोसळल्या, की तो सगळा भराव एका रात्रीत खाली वाहतो. तळातील शिंपल्या, कालवे आणि माशांची अंडी त्या गाळाखाली गुदमरतात. नळ अपुरे असल्यास पाण्याला फुगवटा येऊन वरच्या अंगाची घरे व शेते बुडतात.

पाणथळीत भराव टाकण्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. मऊ चिखलावर माती टाकली की ती खाली रुतते आणि दोन्ही बाजूंचा चिखल वर उचलला जातो. त्यामुळे भरावापासून दूर असलेले पाट व नाले नकळत बुजतात. भराव नंतर उचलला तरी उचललेला चिखल आपोआप खाली बसत नाही. खारफुटीखालचा काळा चिखल खणून शेताच्या कडेला टाकण्याची पद्धतही घातक आहे. त्यात अनेकदा गंधकयुक्त लोहखनिज असते. हवा लागताच त्याचे आम्ल बनते आणि पावसाबरोबर ते शेतात उतरते. असा चिखल ओला असतानाच योग्य जागी नेऊन दाबला पाहिजे.

काँक्रीटचे म्हणाल तर, ताज्या काँक्रीटवरून आलेले पाणी चुन्याच्या निवळीसारखे तीव्र अल्कधर्मी असते. मिक्सर व गाड्या धुतलेले असे पाणी लहान ओहोळात सोडल्यास मासे मरतात. त्यासाठी काठापासून दूर, अस्तर घातलेला खड्डा पुरेसा आहे. पाईलच्या छिद्रातून बाहेर येणारे बेंटोनाईटचे पाणीही टाकीतच साठवावे लागते.

कायद्याने काही संरक्षण दिले आहे, परंतु त्याच्या मर्यादा जाणून घेणे इष्ट. 2017 च्या पाणथळ भूमी नियमांतून नदीपात्रे, भातशेती व मिठागरे वगळलेली आहेत, तसेच किनारी विनियमन क्षेत्रही वगळलेले आहे. म्हणजेच नंदा तळ्यासारख्या, 2022 मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेल्या जागेला जे कवच लाभते, ते गावच्या ओहोळाला अथवा खाजनाला त्या नियमांतून लाभत नाही. खाजने व खारफुटी यांच्यासाठी आधार घ्यावा लागतो तो किनारी विनियमन अधिसूचनांचा. 2011 च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख आहे. अपवादात्मक परिस्थितीत परवानगी मिळालेल्या रस्त्यासाठी खारफुटी तोडावी लागल्यास किमान तिप्पट क्षेत्रावर नवी लागवड करावी, असे 2019 च्या अधिसूचनेत नमूद आहे. तथापि नवे रोप रुजून काठ सावरून धरेपर्यंत बरीच वर्षे लोटतात, तेव्हा तोडणे टाळता आले तर ते अधिक बरे.

प्रस्तुत लेखक अभियंता नव्हे. कलाशाखेचे शिक्षण घेऊन अभियंत्यांचे म्हणणे लोकांना व लोकांचे म्हणणे अभियंत्यांना कळविणे, हेच त्याचे काम. या देवघेवीत एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. ठेकेदार ओहोळाची काळजी घेत नाही ती बहुधा दुष्टपणाने नव्हे. निविदेत त्या कामाची बाब आणि तिचा दर नमूद नसतो म्हणून. जे मोजले जात नाही त्याचे देयक निघत नाही, आणि ज्याचे देयक निघत नाही ते केले जात नाही. वळणरस्त्याचा भराव काढून टाकणे, गाळ अडविण्यासाठी काथ्याची जाळी व पडदे लावणे, धुण्याच्या पाण्याचा खड्डा, जुन्या खांबांचे अवशेष उचलणे, बांधाची दुरुस्ती, या प्रत्येकाची निविदेत स्वतंत्र बाब असली, तर कनिष्ठ अभियंत्यालाही कामाच्या जागी ठामपणे बोलता येते.

आपल्या गावचा पूल बदलावयाचा असेल तर पंचायतीने व कूळ संघटनेने काम सुरू होण्यापूर्वीच, ओहोटीच्या वेळी, ओहोळाच्या दोन्ही अंगांची छायाचित्रे काढून ठेवावीत, मानशींची स्थिती नोंदवावी व त्याची प्रत संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी. वळणरस्त्याचा भराव पात्रातून कोणत्या तारखेस निघणार, हे लेखी विचारावे. ती तारीख 31 मेच्या अलीकडची असावी, आणि त्या दिवशी गावातील दोघा-तिघांनी पुलाखाली उतरून पात्र खरोखर मोकळे झाले आहे की नाही, हे पाहून यावे.