आडरस्त्यावर बॅटरी उतरली तर...

(मोटारसायकल आज खेड्यापाड्यांत, वाड्यावस्त्यांवर पोहोचली आहे. गावापासून दूर, मदत मिळणार नाही अशा ठिकाणी तिची बॅटरी उतरली तर काय करावे आणि काय करू नये, हे या पाठात सांगितले आहे.)

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका डोंगरदऱ्यांचा व भातशेतीचा आहे. या तालुक्यात रिहे नावाचे गाव आहे. पौड हे तालुक्याचे ठिकाण आणि पिरंगुट, घोटावडे ही गावे याच भागात येतात. पुणे शहर येथून फार लांब नाही. तरीही मुख्य रस्ता सोडून आत वळले की वस्ती विरळ होते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला भातखाचरे आणि मधून जाणारा अरुंद रस्ता. दिवस मावळल्यावर अशा रस्त्यावर मोटारसायकल बंद पडली, तर जवळ गॅरेज सापडत नाही.

समजा, तुम्ही मोठ्या भावाच्या मागे बसून अशा रस्त्याने निघाला आहात. वाटेत दहा मिनिटे थांबलात. पुन्हा निघताना भावाने बटण दाबले; पण इंजिन सुरू झाले नाही. नुसता ‘टक’ असा आवाज आला. हॉर्नही घोगरा वाजला. अशा वेळी बॅटरी उतरली आहे असे समजावे.

बॅटरी म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. इटलीतील शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिली विद्युतघटमाला तयार केली. ‘व्होल्ट’ हे एकक त्यांच्याच नावावरून आले. पुढे १८५९ मध्ये फ्रान्समधील प्लांते यांनी शिसे व गंधकाम्ल वापरून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. आज बहुतेक मोटारसायकलींत याच जातीची बॅटरी असते. तिच्यात सहा घट असतात. प्रत्येक घट दोन व्होल्टांहून थोडा अधिक दाब देतो. म्हणून तिला १२ व्होल्टची बॅटरी म्हणतात. ती पूर्ण भरलेली असताना तिचा दाब सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टपर्यंत खाली आला, की बॅटरी बरीच रिकामी झाली असे समजावे.

बॅटरी ही पाण्याच्या टाकीसारखी आहे. इंजिन चालू असताना त्याच्यावर बसवलेले छोटे विद्युतजनित्र ही टाकी भरत असते. इंजिन बंद असताना दिवा, हॉर्न व बटणावर चालणारी स्टार्टर मोटर ही टाकी रिकामी करतात. स्टार्टर मोटरला तर एका क्षणी फार मोठा प्रवाह लागतो. त्यामुळे अर्धवट भरलेल्या बॅटरीवर छोटा दिवा पेटतो. पण इंजिन फिरत नाही.

मग बॅटरी उतरते कशी? एक साधे गणित पाहा. हेडलाइटचा बल्ब ३५ वॅटचा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीतून त्याला सुमारे ३ अँपिअर प्रवाह लागतो. बॅटरी ५ अँपिअर-तासांची असेल, तर इंजिन बंद ठेवून दिवा चालू ठेवल्यास ती पावणेदोन तासांच्या आत रिकामी होईल. इंजिन सुरू करण्याइतकी ताकद तर त्याच्याही बरीच आधी संपेल. पुष्कळ लोक हँडलवरच्या लाल बटणाने इंजिन बंद करतात आणि चावी तशीच चालू ठेवून गप्पा मारत बसतात. बॅटरी उतरण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तरी बॅटरी हळूहळू आपोआप उतरते. २०२० च्या टाळेबंदीत घरापुढे उभ्या राहिलेल्या अनेक गाड्यांचे असेच झाले. शिवाय थंडीत बॅटरीची शक्ती कमी होते. म्हणून रात्री सुरू झालेली गाडी पहाटे सुरू होत नाही.

आता उपायांकडे वळू. गाडी बंद पडली, की पहिले काम म्हणजे ती रस्त्याच्या कडेला, वळणापासून दूर नेणे. वळणावर किंवा रस्त्याच्या मध्ये अंधारात उभी असलेली गाडी मागून येणाऱ्याला दिसत नाही. बॅटरीपेक्षा जीव मोलाचा आहे. जवळ टॉर्च असेल, तर ती लावावी.

दुसरे काम म्हणजे नीट तपासणी. कित्येकदा बॅटरी चांगली असते आणि दोष भलताच असतो. लाल बटण बंद स्थितीत राहिले आहे का? गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? काही गाड्यांत बाजूचा स्टँड खाली असेल, तर इंजिन सुरू होत नाही. तो वर केला आहे का? फ्यूज जळला आहे का? या सर्व गोष्टी ठीक असतील, तर बॅटरीची दोन टोके पाहावीत. त्यांचे स्क्रू सैल झाले असतील किंवा त्यांवर पांढरी पूड जमली असेल, तर वीज पुढे जात नाही. चावी बंद करून ती पूड कोरड्या फडक्याने पुसावी व स्क्रू घट्ट करावेत. ती पूड हाताला किंवा डोळ्यांना लागू देऊ नये. स्क्रू आवळताना पान्याचा एकाच वेळी दोन्ही टोकांना स्पर्श होऊ देऊ नये. मोठी ठिणगी उडते.

तपासणी करूनही उपयोग झाला नाही, तर गाडीला किक आहे का ते पाहावे. हेडलाइट बंद करता येत असेल, तर तो बंद करावा आणि मग किक मारावी. जुन्या काळी अनेक दुचाकींमध्ये मॅग्नेटो असे. किक मारली की मॅग्नेटो फिरून स्वतःच ठिणगीपुरती वीज तयार करी. म्हणून बॅटरी नसली तरी त्या गाड्या सुरू होत.

किक नसेल, तर धक्का मारून गाडी सुरू करता येते. एरवी इंजिन चाकाला फिरवते. येथे चाक इंजिनला फिरवते. चावी व लाल बटण चालू स्थितीत ठेवावे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच दाबून धरावा. मागच्याने ढकलावे. गाडीला वेग आला, की क्लच एकदम सोडावा. इंजिनने आवाज दिला, की लगेच पुन्हा क्लच दाबून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. पहिल्या गिअरमध्ये हे केले, तर मागचे चाक अडकून घसरते. म्हणून दुसरा गिअर घ्यावा. हे काम सपाट किंवा अगदी थोड्या उताराच्या मोकळ्या रस्त्यावर करावे. घाटाच्या तीव्र उतारावर, अंधारात किंवा पावसात ते मुळीच करू नये. हेल्मेट डोक्यावर असलेच पाहिजे.

तरीही हा उपाय प्रत्येक गाडीला लागू पडत नाही. बिनगिअरच्या स्कूटरला धक्का मारून काही होत नाही, कारण तिचे चाक इंजिनला फिरवू शकत नाही. तसेच १ एप्रिल २०२० पासून भारतात प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल इंजिनपर्यंत पोहोचवण्यासाठी विजेचा पंप असतो. बॅटरीत थोडीशी वीज शिल्लक असेल, तरच हा पंप चालतो. चावी फिरवल्यावर एकही दिवा लागत नसेल, तर अशा गाडीला ढकलत बसण्यात फक्त दमछाक होते.

तिसरा उपाय म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेणे. त्यासाठी चिमटे असलेल्या दोन जाड वायरी लागतात. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच असाव्यात आणि दोन्ही इंजिने बंद असावीत. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला व मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला लावावे. मग बंद गाडी सुरू करावी. वायरी काढताना उलट्या क्रमाने काढाव्यात. लाल व काळ्याची अदलाबदल झाली, तर दोन्ही गाड्यांचे नुकसान होते. बॅटरीतून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू बाहेर येऊ शकतो. म्हणून तिच्याजवळ काडी ओढू नये किंवा विडी-सिगारेट ओढू नये. आतले आम्ल अंगावर उडाले, तर तो भाग भरपूर पाण्याने धुवावा. हे सारे काम मोठ्या माणसांनी करायचे आहे. तुम्ही टॉर्च धरावी आणि रंग बरोबर आहेत ना, हे पाहावे.

गाडी सुरू झाली, की लगेच बंद करू नये. निदान अर्धा तास चालवावी. उभ्या गाडीचे इंजिन मंद फिरते; त्याने बॅटरी फारशी भरत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून पाहण्याची काहींना सवय असते. ती वाईट आहे. त्याने गाडीतील नाजूक विद्युत भाग जळतात. एकदा पूर्ण उतरलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला दाखवून चार्जरवर भरून घ्यावी.

कोणताच उपाय चालला नाही, तर गाडीला कुलूप लावून जवळच्या वस्तीकडे जावे किंवा घरी फोन करून आपण कोणत्या गावाजवळ आहोत ते सांगावे. संकट असेल, तर ११२ क्रमांकावर फोन करावा. अनोळखी रस्त्याने जाताना ओलांडलेल्या गावांची नावे लक्षात ठेवावीत. ती अशा वेळी उपयोगी पडतात.

बॅटरी निकामी झाली, तर ती उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. तिच्यातील शिसे विषारी असते. ते जमिनीत व पाण्यात मिसळते. जुनी बॅटरी नव्या बॅटरीच्या दुकानदाराकडे द्यावी. तिच्यातील शिसे वितळवून पुन्हा वापरता येते.

मित्रांनो, गिअरची मोटारसायकल चालवण्याचा परवाना वयाच्या १८ व्या वर्षापूर्वी मिळत नाही. तोपर्यंत तुम्ही मागेच बसणार आहात. पण मागे बसणाऱ्यालाही एक काम करता येते. गाडीवरून उतरताना अब्बांना किंवा भाईजानना एवढेच विचारावे : ‘चावी बंद केली ना?’

शब्दार्थ
आडरस्ता – मुख्य रस्त्यापासून दूर असलेला रस्ता
विरळ – दूर दूर असलेली, दाट नसलेली
भातखाचर – बांध घातलेले भाताचे शेत
विद्युतजनित्र – वीज निर्माण करणारे यंत्र
भलताच – अगदी वेगळाच
दमछाक होणे – खूप दमणे
उकिरडा – केरकचरा टाकण्याची जागा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रिहे हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) ‘व्होल्ट’ हे नाव कोणावरून आले?
(इ) धक्का मारताना दुसरा गिअर का घ्यावा?
२. कारणे द्या.
(अ) बिनगिअरची स्कूटर धक्का मारून सुरू होत नाही.
(आ) बॅटरीजवळ काडी ओढू नये.
३. बॅटरी ४ अँपिअर-तासांची आहे. दिव्याला २ अँपिअर प्रवाह लागतो. इंजिन बंद असताना ती किती वेळात रिकामी होईल?
४. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा : ताकद, नुकसान, जमीन, फक्त.
५. तुमच्या जवळच्या गॅरेजला भेट द्या. बॅटरीची काळजी कशी घ्यावी, हे मेकॅनिकला विचारून पाच वाक्ये लिहा.