सर्व्हरच्या स्मृतीचा हिशेब

डेटाबेस चालविणाऱ्या सर्व्हरवर लिनक्सची 'फ्री' ही आज्ञा प्रथमच देणारा व्यवस्थापक बहुधा दचकतो. 16 गिगाबाइट स्मृतीपैकी जेमतेम काहीशे मेगाबाइट मोकळी असल्याचे त्याला दिसते. वास्तविक यात भिण्याजोगे काही नसते. डिस्कवरून एकदा वाचलेला मजकूर पुन्हा लागेल या अपेक्षेने लिनक्स तो स्मृतीतच ठेवून देते. या साठ्याला 'पेज कॅशे' म्हणतात. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली, की यातील न बदललेली पाने तत्काळ सोडून दिली जातात. म्हणून 'फ्री' हा रकाना न पाहता 'अव्हेलेबल' हा पाहावा. हा अंदाज 2014 सालच्या 3.14 या आवृत्तीपासून लिनक्सचा गाभा स्वतःच देऊ लागला.

दुसरा घोटाळा बेरजेचा आहे. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया सुरू करतो. परंतु 'शेअर्ड बफर्स' हा साठा मात्र सर्वांचा सामायिक असतो. तो 4 गिगाबाइटचा असला आणि 50 प्रक्रियांनी तो पूर्णपणे हाताळला, तर 'टॉप' ही आज्ञा प्रत्येकीच्या नावावर 4 गिगाबाइट मांडते. बेरीज 200 होते! एकत्र कुटुंबातील प्रत्येक भावाने आपल्या मालमत्तेत सगळा वाडा मोजावा, तसाच हा प्रकार. शिवाय हा सामायिक साठा 'फ्री'च्या तक्त्यात कॅशेमध्येच धरला जातो, पण पेज कॅशेसारखा तो सहज सोडून देता येत नाही.

खरा धोका असतो तो प्रत्येक प्रक्रियेच्या खाजगी स्मृतीचा. 'वर्क मेम' ही मर्यादा मुळात 4 मेगाबाइट असते, आणि ती जोडणीला नव्हे, तर प्रत्येक क्रमवारीच्या कामाला लागू होते. कोणी ती 256 केली आणि 50 जोडण्यांनी एकाच वेळी दोन-दोन क्रमवाऱ्या लावल्या, तर 25 गिगाबाइटची मागणी उभी राहते. ती भागविता आली नाही, म्हणजे गाभा एखादी प्रक्रिया निवडून ठार करतो. मग सामायिक स्मृती शाबूत असल्याची खात्री न उरल्याने पोस्टग्रेस्क्यूएल उरलेल्या सर्व जोडण्याही तोडतो आणि नोंदवहीवरून स्वतःला सावरू लागतो. चूक एका प्रश्नाची, खोळंबा सर्वांचा. 'ओव्हरकमिट मेमरी' ही मांडणी 2 वर ठेवली, तर जादा मागणी बहुधा आधीच नाकारली जाते आणि तेवढा एकच प्रश्न निष्फळ ठरतो.