वजन पडताच घट्ट बसावी अशी घडी

आषाढवारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम नातेपुत्यास असतो. वारकऱ्यांच्या पंगतीसाठी घराची ओसरी मोकळी करणे या गावाला नवे नाही. मात्र घरात वृद्ध व्यक्ती असेल, तर मोकळ्या जागेची गरज वर्षभर असते. पलंग, वॉकर, कमोडची खुर्ची, औषधांचे टेबल यांच्या दाटीत चालण्याची वाट हरवते आणि पाय अडखळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे दगावतात. त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. म्हणूनच मिटून भिंतीला टेकवता येणारे लाकडी सामान हा आरोग्याचाही विषय ठरतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत किमान 3 फूट रुंद वाट मोकळी राहावी.

अशा सामानाचा उत्तम आदर्श आपल्या देवघरातच आहे: पोथी ठेवण्याची लाकडी ठवणी. एकाच जाड फळीच्या मध्यावर, खिळा वा बिजागरी न वापरता, परस्परांत गुंतलेले सांधे कोरतात आणि दोन्ही टोकांकडून त्या सांध्यापर्यंत फळी चिरतात. मिटली की ती सपाट फळी; उघडली की फुलीसारखी उभी. पोथीचे वजन तिच्या पाकळ्यांना बाहेर ढकलते आणि सांध्याच्या खाचा त्यांना अडवतात. भार पडला की घडी मिटत नाही, उलट घट्ट बसते. घडीची कोणतीही वस्तू घेताना हीच कसोटी लावावी.

खुर्ची : कापडी आरामखुर्ची विश्रांतीस सुखद, परंतु उठण्यास कठीण. तीत कंबर गुडघ्यांच्या खाली जाते आणि शरीराचा भार पावलांवर आणताना मांडीच्या स्नायूंना फार जोर लावावा लागतो. गुडघ्याचा संधिवात, कंपवात किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ती टाळावी. बैठकीची उंची जमिनीपासून गुडघ्यामागील खळगीपर्यंत, साधारण 17 ते 18 इंच असावी. हात भक्कम हवेत. रोजची खुर्ची न मिटणारीच बरी. घडीची खुर्ची पाहुण्यांसाठी ठेवावी.

भिंतीची फळी : जेवणाचे ताट, औषधे, चष्मा यांसाठी खाली उघडणारी फळी सोयीची. पण उठताना वृद्धांचा हात हमखास तिच्यावर पडतो, म्हणून तिच्या आधाराला आपोआप अडकणारी खिटी बसवून घ्यावी. माळवदाच्या जुन्या घरांतील मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. तेथे पाय असलेले टेबलच योग्य.

न्हाणीघर : येथे घडीचे लाकडी स्टूल नको. ओल्या फरशीवर रुंद पायांचे, रबरी टोप्या बसवलेले, न मिटणारे आसन ठेवावे.

वस्तू घरी आल्यावर घरातील धडधाकट माणसाने आधी तीवर बसून, पुढे व बाजूला कलून पाहावे. डुगडुगली किंवा करकरली, तर ती परत करावी. बोट चिमटेल असा सांधा हाताशी नसावा; मधुमेही व्यक्तीला अशी जखम त्रासदायक ठरू शकते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. म्हणून दोन्ही ऋतूंच्या आरंभी सांधे व स्क्रू तपासावेत.

घडी घालणे-उघडणे हे काम शुश्रूषा करणाऱ्याचे. ज्याला वाकताना तोल सावरत नाही, त्याच्यावर ते सोपवू नये.