एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राची घडण

संगणक चालू केला म्हणजे पडद्यावर चित्रें उमटतात. परंतु तत्पूर्वीं यंत्राच्या पोटांत एक मुख्य कारभारी जागा झालेला असतो. त्यास कर्नल म्हणतात. स्मृतीची वांटणी करणें, कोणत्या कार्यक्रमास केव्हां पाळी द्यावयाची तें ठरविणें, कळफलक, पडदा इत्यादि अवयवांशीं व्यवहार ठेवणें, हीं त्याचीं कामें होत. हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें सन १९९१ मध्यें असा एक कर्नल लिहिण्यास आरंभ केला. तोच पुढें लिनक्स या नांवानें प्रसिद्धीस आला.

हा कर्नल मुख्यत्वें 'सी' भाषेंत लिहिलेला आहे. ती मनुष्यास वाचतां येते, परंतु प्रोसेसरास कळत नाहीं. त्यास केवळ आपल्या आज्ञांचे आंकडे कळतात. सी भाषेंतील मजकुराचें अशा आंकड्यांत रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमास कंपायलर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनीं सन १९८७ मध्यें प्रथम प्रसिद्ध केलेला जीसीसी हा लिनक्सकरितां फार वापरला जाणारा कंपायलर होय.

आतां अडचण अशी कीं, सर्व प्रोसेसरांची आज्ञाभाषा एक नसते. मेजावरील पुष्कळ संगणकांत एक्स८६ ही चालते, तर बहुतेक मोबाइलांत व रास्पबेरी पायसारख्या चिमुकल्या संगणकांत आर्मची चालते. एकीसाठीं केलेलें रूपांतर दुसरीस निरुपयोगी.

मग चिमुकल्या संगणकावरच त्याचा कर्नल कां घडवूं नये? घडवितां येतो, पण लिनक्सचा मजकूर दोन कोटींहून अधिक ओळींचा आहे. त्यांपैकीं आवश्यक तेवढाच भाग घेतला तरी लहान यंत्रास तासचे तास लागतात. शिवाय प्रोसेसरच अगदीं नवा असेल तर? रिस्क-फाइव्ह या आज्ञाभाषेची आखणी सन २०१० मध्यें अमेरिकेंतील बर्कली येथें सुरू झाली. तिच्या पहिल्या यंत्रावर ना कंपायलर होता, ना कर्नल. जें यंत्र अद्याप जागेंच झालें नाहीं, तें स्वतःस कसें घडविणार? त्याची घडण दुसऱ्याच यंत्रावर व्हावी लागते.

या कामीं येतो तो क्रॉस-कंपायलर. शिंपी आपल्या दुकानांत बसून गिऱ्हाइकाच्या मापाचा अंगरखा शिवतो; तो शिंप्याच्या अंगास बसत नाहीं, बसूंही नये. त्याचप्रमाणें हा कंपायलर चालतो एका यंत्रावर, पण आज्ञा लिहितो दुसऱ्याच्या. त्याच्या जोडीस आज्ञांचे आंकडे करणारा असेंब्लर व सुटे तुकडे सांधणारा लिंकर हेही त्याच मापाचे लागतात. म्हणून कर्नल घडवितांना दोन गोष्टी प्रथम सांगाव्या लागतात: कोणत्या आज्ञाभाषेकरितां घडवावयाचा, व कोणत्या नांवाचीं हत्यारें घ्यावयाचीं.

परंतु अंगरखा गिऱ्हाइकाचा असला तरी कात्री शिंप्याच्याच हातास बसली पाहिजे! कर्नल घडत असतां मध्यें कांहीं साहाय्यक कार्यक्रम तयार होतात व लगेच वापरले जातात. ते घडविणाऱ्या यंत्राच्याच भाषेंत असावे लागतात. हा भेद न ओळखल्यामुळें आम्ही स्वतः फसलों. आमच्या मेजावरील संगणकावर आम्हीं एका चिमुकल्या संगणकाचा कर्नल घडविला. तो उत्तम चालला. पुढें त्यास एक लहानसा भाग जोडावा म्हणून सर्व सामान त्या चिमुकल्या संगणकावर नेऊन तेथेंच काम आरंभिलें, तों तें तत्काळ अडलें. दोन दिवस आम्हीं कर्नलांत दोष शोधला. दोष तेथें नव्हताच. सामानाबरोबर गेलेले साहाय्यक कार्यक्रम एक्स८६चे होते. आम्हीं अंगरख्याबरोबर शिंप्याची कात्रीही गिऱ्हाइकास देऊन बसलों होतों. ते कार्यक्रम तेथें नव्यानें घडवितांच काम सुरळीत झालें.

सारांश, प्रत्येक हत्याराविषयीं दोन प्रश्न विचारावे: हें कोठें चालणार, आणि यानें घडविलेली वस्तु कोठें चालणार? रिस्क-फाइव्हचें साहाय्य सन २०१८ च्या जानेवारींत लिनक्सच्या मूळ आवृत्तींत आलें, आणि मद्रासच्या आयआयटींत त्याच आज्ञाभाषेवर 'शक्ति' नामक प्रोसेसर आखले गेले आहेत. उद्यां आमच्या वाचकांपैकीं कोणी असें नवें यंत्र निर्माण केलें, तर त्यास प्रथम जागें करण्याकरितां एखाद्या जुन्या यंत्राचीच मदत घ्यावी लागेल, हें त्यानें ध्यानांत ठेवावें.